दिवसभर काय करतेस, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय सखे,

मागच्या वेळी तू विचारलंस, दिवसभर काय करतेस गं, आणि मी काही बोलणार तेवढ्यात माझी तान्ही लेक उठली आणि बोलणं तिथेच राहिलं. तू सहज विचारलंस, पण तो प्रश्न डोक्यातून जाईना, कारण बाळंतपणानंतर किती तरी दिवस मी स्वतःच स्वतःला रोज संध्याकाळी तेच विचारत होते. म्हणून लिहायला बसलेय. एका बैठकीत होणार नाही, तुकड्यातुकड्यांत जमेल तसं लिहिते, तूही तसंच वाच.

करते काय, तर पाजते, ढेकर काढते, लंगोट बदलते, झोपवते, कपडे धुवायला टाकते, वाळलेले काढते, घड्या घालते, तोवर परत पाजायची वेळ झालेली असते. नवीन बाळाला चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजावं लागतं असं डॉक्टर सांगतात, ऐकताना हा नुसता आकडा वाटतो, पण एकेका वेळेला अर्धा पाऊण तास जातो, मग ढेकर, मग झोपवणं, तूच हिशोब कर. त्यात सुरुवातीला बाळांना दिवस-रात्र कळतच नाही, शरीरातलं ते घड्याळ बसायला दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे रात्रसुद्धा दिवसासारखीच. ऑफिसात असताना संध्याकाळपर्यंत काहीतरी हातावेगळं झालेलं असायचं. इथे संध्याकाळी बघावं तर सगळं सकाळी होतं तिथेच, टोपलीत तेवढेच कपडे, आणि उद्या परत पहिल्यापासून. दमायचे तर मी होतेच, पण दमण्यापेक्षा हे जास्त लागायचं मनाला.

बरेच जण अगदी प्रेमाने सांगतात, प्रत्येक क्षण एन्जॉय कर, हे दिवस भुर्रकन उडून जातात. मला हा सल्ला पटत नाही. रात्री तीनला बाळ जिवाच्या आकांताने रडत असतं, पाठ भरून आलेली असते, तेव्हा कुणाला मजा येत असेल असं मला वाटत नाही, आणि वर मजा येत नाही म्हणून अपराधी वाटायला लागतं ते वेगळंच. मजा न येताही एखादी गोष्ट मोलाची असू शकते. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून तुला सांगतेय.

आता मुख्य गोष्ट. परवा ती भुकेने रडत होती, चांगली टाहो फोडून. मी आले, पलंगावरच्या नेहमीच्या कोपऱ्यात बसले, उशी मांडीवर घेतली, तिला आडवं घेतलं, आणि मी बटण काढायच्या आतच तिचं रडणं थांबलं. दूध तोंडात गेलंही नव्हतं अजून. डोळे माझ्या हाताकडे, गालावर पाणी तसंच, ओठ आधीच चोखायला लागलेले, मध्येच एक उरलेला हुंदका, पण शांत. वाट बघत होती! अगं, काही आठवड्यांपूर्वी हिला वाट बघणं माहीतच नव्हतं, भूक लागली की दूध घशाखाली उतरेपर्यंत नुसता आकांत. आता तिला कळलंय की ही उशी आली, हा कोपरा आला, की पुढे दूध येतं. हे मी तिला शिकवायला बसले नव्हते. मी फक्त तेच तेच करत होते, त्याच कोपऱ्यात, तीच उशी घेऊन, कधी डोळे मिटत असताना, कधी चिडचिड होत असताना, कधी मनात दुसरंच काही चालू असताना, आणि ते सगळं तिच्यात साठत होतं. प्रत्येक वेळी काही वेगळं, काही नवीन झालं असतं तर ती हे शिकलीच नसती. ज्या एकसारखेपणाला मी कंटाळले होते त्यातूनच तिला भरवसा वाटायला लागला. त्या दिवसापासून संध्याकाळी काय झालं हे शोधायचं माझं आपोआप कमी झालंय, कारण झालेलं कुठे आहे ते मी डोळ्यांनी बघितलं.

रात्री पाजताना एका हाताने फोनवर वाचत असते, त्यात डोनाल्ड विनिकॉट सापडले. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक, 1940 च्या दशकात ते बीबीसी रेडिओवरून आयांशी बोलायचे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की बाळाला उचलणं, धरणं, पाजणं, पुसणं यातूनच त्याच्या मनाचा पाया घातला जातो, आणि त्यासाठी आई परफेक्ट असावी लागत नाही, लक्ष देणारी साधी आई पुरते, आणि बाळ मोठं होत जातं तसं तिने थोडं थोडं कमी पडणंही त्याला लागतंच. हे वाचून मला खरंच आधार वाटला. फक्त त्यांनी सगळा भार आईवर टाकला, तो काळच तसा होता, आमच्याकडे अंघोळ नवरा घालतो आणि पाण्याचा आवाज आला की ती त्याच्याकडेच बघायला लागते.

आणखी एक सांगते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला साधारण 20 ते 30 सेंटीमीटर अंतरावरचंच त्यातल्या त्यात नीट दिसतं, म्हणजे मांडीवर घेऊन पाजताना तिच्या डोळ्यांपासून माझा चेहरा असतो ना, जवळपास तेवढंच अंतर. माझं जग या एका खोलीएवढं झालं म्हणून मला कोंडल्यासारखं व्हायचं तेव्हा तिला खोलीसुद्धा दिसत नव्हती, मी दिसत होते. आणि आवाज तर ती पोटात असल्यापासूनच ओळखत होती, जन्मून तीन दिवसही न झालेली बाळं आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखायची लय बदलतात असं 1980 साली प्रयोगात दिसलं होतं. तेव्हापासून मी तिच्याशी मोठ्याने बोलते, आता दुपटं घडी करू, आता खिडकी लावू, असलंच काहीतरी. ती "आऽ" करते, मी थांबते, ती परत करते.

पण हे सगळ्यांना लागू होतं असं नाही हं. पहिल्या आठवड्यात मला उगाचच रडू यायचं, वार पडल्यावर हार्मोन्स एकदम खाली येतात त्याने होतं तसं, बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं, माझंही ओसरलं. जिचं ओसरत नाही, जिला बाळाकडे बघावंसंही वाटत नाही, तिला रोजच्या कामात अर्थ शोध म्हणणं क्रूर आहे. तिला डॉक्टरांची गरज असते, आणि रात्री बाळाला घेऊन तिला झोपू देणाऱ्या माणसाची.

ऑफिसची आठवण येते, परत जाणारच आहे, ते मनात पक्कं आहे. तोवर हे जे चाललंय ते मधली सुट्टी वाटत नाही आता.

तू येशील तेव्हा ती झोपलेली असेल अशी वेळ बघून येऊ नकोस, भर गोंधळात ये. मी मध्येच उठून जाईन, तू घड्या घालत बस, आल्यावर तिथून पुढे बोलू. आणि बाबांचं ऑपरेशन कधी ठरलं ते कळव. मला तेव्हा येता येणार नाही, पण रात्री मी जागीच असते, हॉस्पिटलात एकटी बसलेली असशील तेव्हा कितीही वाजता मेसेज कर, लगेच उत्तर देईन.

तुझीच