बोटभर तांब्याचा पाइप : मा. कामगारमंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगारमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

मी 26 वर्षं गॅस वेल्डिंग करतो. गेल्या आठवड्यात आमच्या वर्कशॉपमध्ये माझ्या पुतण्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. डोळा राहील की जाईल, डॉक्टर अजून सांगत नाहीत. पोरगा 19 वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वी असाच अपघात झाला, तेव्हा आपल्या खात्याच्या साहेबांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता की तीन महिन्यांत प्रत्येक वेल्डरला ॲसिटिलीनचं, म्हणजे आम्ही वेल्डिंगला जाळतो त्या गॅसचं, प्रशिक्षण मिळेल. त्यानंतर कुणी फिरकलं नाही.

झालं ते सांगतो. कार्बाइडच्या टाकीपासून टॉर्चकडे येणारी नळी फाटली होती. मी फाटका भाग कापला आणि हाताशी होता तो बोटभर तांब्याचा पाइप जोड म्हणून घातला. क्लिपा आवळल्या, साबणाचं पाणी लावून गळती तपासली. दोन महिने काम बिनबोभाट चाललं. त्या दिवशी जोड निघेना, म्हणून पोराने पान्याने ठोकला. आत तांबूस-काळपट थर धरला होता. तांब्याशी ॲसिटिलीनचा संयोग होऊन कॉपर ॲसिटिलाइड तयार होतं आणि ते सुकलं की साध्या ठोक्यानेही फुटतं, हे मला दवाखान्याच्या बाकावर एका रसायनशास्त्राच्या शिक्षकाने सांगितलं. तो जोड मी घातला होता, साहेब. रात्री डोळा लागत नाही.

कार्बाइडवर पाणी पडलं की हा ॲसिटिलीन गॅस निघतो आणि मागे चुन्याचा रबडा उरतो, एवढंच आम्हाला ठाऊक. लसणासारखा वास आला की गॅस सुटला, हेही ठाऊक. पण तो वास गॅसचा नसून त्यातल्या फॉस्फिनसारख्या भेसळीचा असतो, हे कुणी सांगितलं नाही. या गॅसच्या रेणूत दोन कार्बन, दोन हायड्रोजन आणि कार्बनांमध्ये तिहेरी बंध. त्या बंधात इतकी ऊर्जा कोंडलेली असते की ऑक्सिजनसोबत ज्योत 3000 अंशांच्या वर जाते. हवेत अडीच टक्के मिसळला तरी पेट घेतो, आणि पेट घेण्याची वरची मर्यादा कुणी 80 टक्के सांगतं, कुणी 82. गेजवरचा दाब साधारण एक बारच्या वर गेला तर हवा नसतानाही स्वतःच विघटन पावून फुटू शकतो. म्हणून तर सिलिंडरमध्ये सच्छिद्र भराव असतो आणि गॅस ॲसिटोनमध्ये विरघळवलेला असतो. सिलिंडर आडवा टाकून वापरला की ॲसिटोन बाहेर येतं. आम्ही जागा वाचवायला वर्षानुवर्षं आडवाच ठेवला!

एडमंड डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने हा वायू 1836 मध्ये शोधला. स्वीडनचे संशोधक गुस्ताफ डालेन यांची 1912 मध्ये ॲसिटिलीनच्या स्फोटात दृष्टी गेली, त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे शंभर वर्षांहून जुनं ज्ञान आहे हे. मग ते माझ्या टाकीपर्यंत का पोहोचलं नाही? तुमची माणसं आली, फोटो काढले आणि अहवालात एक ओळ लिहून गेली : कामगाराचा निष्काळजीपणा. अहो, ज्याला कधी सांगितलंच नाही, त्याने काळजी कशाची घ्यायची? तुमच्या खात्याच्या कपाटात तपासणीचे कागद भरलेले असतील, सह्या असतील, शिक्के असतील. एकाही कागदावर "तांबं वापरू नका" हे तीन शब्द आमच्या भाषेत आहेत का? मालकाला परवाना हवा, तुम्हाला सही हवी, हात मात्र आमचे जातात. दर वेळी हेच.

मागणं मोठं नाही. प्रत्येक टॉर्चच्या नळीवर फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत उलटी नळीत शिरू न देणारा अडसर, सक्तीचा करा आणि तो बसवलाय का ते येऊन बघा. टाकीवर आमच्या भाषेत पाटी लावा. प्रशिक्षण कागदावर नको, वर्कशॉपमध्ये द्या, नळी हातात धरून. आणि अहवालातली ती ओळ खोडा.

परवा पोराच्या डोळ्यावरची पट्टी काढणार आहेत. प्रशिक्षणाची तारीख त्याआधी कळवा.

आपला,
एक गॅस वेल्डर