गाळ उपसणाऱ्या अनोळखी हातांचे आभार

नाव न सांगता मदतीला आलेल्या चर्चच्या मंडळींनो, गोदाकाठच्या गल्ल्यांकडून मनापासून आभार. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावरून नाशिककर पूर मोजतात. ओसरल्यानंतरचं काम मात्र फारसं कुणी मोजत नाही.

आधी मेन स्विच बंद, मग गमबूट, मगच आत. गाळ ओला असतानाच तुम्ही फावड्याने ओढलात; एकदा ऊन खाल्लं की तो सुटता सुटत नाही. तळघरातलं पाणी टप्प्याटप्प्याने काढलंत, कारण बाहेरची माती भिजलेली असताना आतलं पाणी झटकन उपसलं तर भिंत आत येते. ब्लीचिंग पावडर गाळ धुऊन झाल्यावरच, नाहीतर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं आणि नुसता वास उरतो. पिण्याच्या टाकीला हजार लिटरला अडीच ग्रॅम: बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी ओतायची आणि तासभर थांबायचं. बहुतेक जण निवळीच विसरतात!

उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये, ही येशूची शिकवण तुम्ही फारच मनावर घेतलीत. पत्र पाठवायला पत्ताही ठेवला नाहीत. जात-धर्म विचारला नाहीत, पत्रकं वाटली नाहीत. देव्हाऱ्यातल्या मूर्ती गाळातून काढून, धुऊन घरच्यांच्या हाती दिल्यात.

तुमची दोन घमेली आणि लांब दांड्याचा वायपर इथेच राहिलाय. येऊन घेऊन जा, चहाही होईल.