गोदाघाटाचा दगड झाकू नका

मा. कुंभमेळा मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकचा चित्रकार, घाटावर बसून जलरंगात काम करणारा. या गावात ती परंपराच आहे. शिवाजी तुपे यांची निसर्गचित्रं पाहत आमच्यासारखे अनेकजण शिकले. २०२७ च्या सिंहस्थासाठी गोदाकाठी कामं होतील आणि व्हायलाच हवीत. लाखो माणसं एकाच दिवशी पाण्यात उतरतात, तिथे भक्कम पायऱ्या, कठडे, उजेड लागणारच. माझं मागणं एवढंच की हे सगळं करताना घाटाचा दगड झाकू नका.

या दगडाला सगळे काळा म्हणतात, पण नुसता काळा रंग घेतला तर तो कागदावर मरतो. उन्हात तो राखाडी दिसतो, सावलीत निळसर जांभळा, आणि भिजला की त्यात हिरवी झाक येते. अल्ट्रामरीन या निळ्या रंगात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून आम्ही त्याच्या जवळ जातो. नारोशंकराच्या देवळाचं शिखर (१७४७), सुंदरनारायणाचं मंदिर (१७५६), खालचा रामकुंड, हे सारं एकाच कुळातलं वाटतं ते या दगडामुळे. त्यावर ऑइलपेंटचा एक पट्टा ओढला, चकचकीत फरशी बसवली, की ते नातं तुटतं.

ही फक्त डोळ्यांची हौस नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आख्खं नाशिक विचारतं, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, की छातीला? घाटावरची मारुतीची ती उंच मूर्ती, आमच्या पुराचं माप तेच. म्हणजे जे काही तुम्ही घाटावर बसवाल, त्यावरून गंगा, म्हणजे आमची गोदावरी, जाणार आहे. रंग सोलवटेल, फरशा उखडतील. जुना दगड मात्र पूर ओसरला की धुऊन जागेवर असतो. जुन्या चुन्याच्या बांधकामात सिमेंट भरलं तर आतली ओल बाहेर पडायला वाट उरत नाही आणि दगडच झिजू लागतो. मागच्या सिंहस्थांच्या तयारीत कुंडांचे तळ काँक्रीटखाली गेले, ते अजून सलतं.

म्हणून तीन गोष्टी निविदेतच लिहून द्या. डागडुजी चुन्यानेच होईल. उचललेल्या प्रत्येक दगडावर क्रमांक पडेल आणि तो आपल्याच जागी परत बसेल. कुंडांच्या तळाशी नवं काँक्रीट पडणार नाही. देवळांवर रंगीबेरंगी झोत न टाकता साधा पिवळसर प्रकाश ठेवलात तर फारच बरं.

आणि आराखडे कार्यालयात न ठेवता घाटावर मांडा, बुधवारी, बाजाराच्या दिवशी. पुरोहित, भाजीवाल्या, नावाडी, आम्ही चित्रकार, सगळे येऊन पाहू आणि काम सुरू होण्याआधीच काय ते सांगू.

आपला,
गोदाकाठचा एक चित्रकार