तिरप्या धरलेल्या पटाबद्दल आभार

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

लातूरला आपल्या घरी येऊन मी आपला अख्खा रविवार घेतला आणि निघताना एसटीच्या घाईत धड आभारही मानले नाहीत. ते आज मानते आहे, आणि जाहीरपणे मानते आहे, कारण आपण मला जे दाखवले ते ऑगमेंटेड रिॲलिटीचे, म्हणजे कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यावर संगणकातली वस्तू दाखवण्याचे, काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाच्याही उपयोगी पडावे अशी माझी इच्छा आहे.

आमच्या शाळेतल्या मुलांना तेरचे त्रिविक्रम मंदिर दाखवायचे होते. प्राचीन तगर नगरीतले हे विटांचे मंदिर, त्याचे हत्तीच्या पाठीसारखे गोलसर छत. टेबलावर छापील चिन्ह ठेवून त्यावर वेबकॅमेरा रोखला की पडद्यावर त्याच टेबलावर ते उभे राहावे, एवढीच माझी अपेक्षा होती. चिन्ह चित्राच्या मध्यभागी असेपर्यंत मंदिर बरे दिसे. ते कडेला सरकले की जोते टेबलापासून सुटे होई आणि भिंती कलत. तीन आठवडे मी प्रोग्राममध्ये चूक शोधत बसले. कॅलिब्रेशनवर, म्हणजे फोटोंवरून कॅमेऱ्याची आणि भिंगाची मापे ठरवण्यावर, मला शंकाच आली नाही, कारण ओपनसीव्ही या संगणकीय साधनाने काढलेला रिप्रोजेक्शन एरर, म्हणजे हिशेबाने येणारी आणि फोटोत दिसणारी जागा यांतला फरक, अवघा 0.2 पिक्सेल होता.

आपण तो आकडा पाहिलाही नाही. कॅलिब्रेशनसाठी बुद्धिबळाच्या पटाचे मी काढलेले वीस फोटो एकेक करून पाहिले आणि विचारले, "पाटी एकदा तरी तिरपी धरून बघितलंस का, बाळा?" वीसही फोटोंत पट कॅमेऱ्यासमोर सरळ होता आणि जवळजवळ मध्यभागी होता.

त्यानंतर कागदावर रेघा ओढून आपण जे समजावले, ते मी अजून जपून ठेवले आहे. पट कॅमेऱ्याला समांतर असेल, तर नाभीय अंतर (भिंगापासून चित्र उमटते तिथपर्यंतचे अंतर) मोठे आणि पट लांब, किंवा नाभीय अंतर लहान आणि पट जवळ, या दोन्ही स्थितींत चित्र सारखेच उमटते, त्यामुळे संगणकाला त्यांतले खरे कोणते हे ठरवता येत नाही. पट तिरपा केला की त्याची जवळची कड मोठी आणि लांबची कड लहान दिसते, आणि या फरकातूनच नाभीय अंतर हाती लागते. संशोधक झेंगयो झांग यांच्या 2000 सालच्या ज्या पद्धतीवर हे सारे उभे आहे, तिच्यातही एकमेकांना समांतर ठेवलेल्या पटांतून नवी माहिती मिळत नाही असे स्पष्ट सिद्ध केलेले आहे. मी ती पद्धत वापरत होते, पण तिची अट मला ठाऊक नव्हती. आयुष्यभर तंत्रनिकेतनात सर्वेक्षण शिकवलेल्या आपल्याला ती न सांगता दिसली.

आपण पट्टी लावली तेव्हा दहा घरांची लांबी 250 मिमीऐवजी 242 मिमी भरली. प्रिंटरने चित्र पानात बसवताना आक्रसले होते. त्याने नाभीय अंतर बिघडत नाही, मोजलेली अंतरे मात्र त्याच प्रमाणात चुकतात, हा भेद आपण तिथेच सांगितला आणि मंदिराच्या चिन्हाची बाजूही व्हर्नियरने मोजायला लावली. पुठ्ठ्यावर चिकटवलेला माझा पट मधोमध फुगला होता. आपण गंजगोलाईच्या बाजारातून 5 मिमी जाडीची काच कापून आणवली आणि नवा कागद तिच्यावर बोटांनी दाबत, एकही बुडबुडा राहू न देता चिकटवला. त्या संथ हालचाली माझ्या अजून डोळ्यांसमोर आहेत.

पहिले फोटो अंगणातल्या लिंबाखाली काढले आणि पानांतून पडणाऱ्या कवडशांमुळे घरांचे कोपरेच सापडेनात, म्हणून आपण ओसरीत आलो. ऑटोफोकस बंद केला. रिझोल्यूशन 1280 × 720 ठेवले, कारण मंदिर त्याच रिझोल्यूशनवर दाखवायचे होते. पट चारही कोपऱ्यांत नेला, डावीउजवीकडे आणि वरखाली कलवला.

आणि मग ती टेपची चाचणी. कॅमेऱ्यापासूनचे अंतर भिंगाच्या आतल्या एका बिंदूपासून धरतात, तिथे टेप लावता येत नाही. म्हणून चिन्ह कॅमेऱ्याच्या रेषेत नेमके 50 सेंमी मागे सरकवायचे आणि संगणक किती सांगतो ते पाहायचे. जुन्या कॅलिब्रेशनने 58 सेंमी सांगितले. नव्याने सांगितले 50.2. नव्याचा रिप्रोजेक्शन एरर 0.4 पिक्सेल, म्हणजे जुन्याच्या दुप्पट होता. सर, मी एकटी असते तर तो आकडा पाहून नवे कॅलिब्रेशन टाकून दिले असते.

मंदिर आता टेबलावर पक्के बसते. सातवीतल्या एका मुलीने जोत्याशी डोळा नेऊन खालून फट दिसते का ते पाहिले आणि मान हलवून ती बाजूला झाली. काचेचा पट मी जुन्या साडीच्या घडीत गुंडाळून शाळेच्या कपाटात ठेवला आहे. कॅमेऱ्याचा फोकस बदलला की तो पुन्हा बाहेर काढावा लागेल. आपण दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा शाळेत यावे आणि मुलांदेखत पट आपल्या हातात असताना कॅलिब्रेशनचे फोटो काढू द्यावेत, ही नम्र विनंती.

आपली कृतज्ञ,
औसा तालुक्यातील एक शिक्षिका