खोट्या ऑफर लेटरला मी लॅमिनेशन केलं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॉलेजच्या गेटासमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. दिवाळीनंतर भोकरदनकडचा, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा मेलवर आलेलं ऑफर लेटर घेऊन आला. घरबसल्या डेटा एंट्री, महिना 22 हजार. रंगीत प्रिंट मागितली, वर लॅमिनेशन. मी 40 रुपये घेतले आणि विचारलं, पेढे कधी?

कागद वाचला मात्र नाही. वाचला असता तर दिसलं असतं: कंपनी मोठी, पण मेल कुणाच्या तरी साध्या जीमेलवरून, मुलाखतीचा पत्ता नाही, आणि अगदी खाली, लॅपटॉपसाठी ‘परत मिळणारी’ अनामत 3,500 रुपये. ती त्याने यूपीआयने भरूनही टाकली होती. अकरा दिवसांनी आणखी 6,000 मागितले तेव्हा त्याला शंका आली. मी दुकानातूनच 1930 लावून दिला. सायबर फसवणुकीसाठीचा हा नंबर. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर ते पुढच्या खात्यात गोठवता येण्याची आशा असते. अकरा दिवसांनी काय गोठणार? तक्रार तेवढी नोंदवली. “काका, घरी सांगू नका,” एवढंच तो म्हणत होता.

तेव्हापासून प्रिंट काढण्याआधी मी पोरांचे मेल वाचतो. आगाऊपणा आहे, पण वाचतो. ‘शिष्यवृत्ती मंजूर, 499 रुपये भरा’ हा प्रकार सर्रास. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलचा खरा पत्ता ‘गव्ह डॉट इन’वर संपतो. भामटे ‘महाडीबीटी’ हा शब्द पुढे लावतात आणि शेपूट भलतंच असतं. म्हणून पत्ता शेपटीकडून वाचा, असं मी सांगतो. पाठवणाऱ्याच्या नावाचं तर काहीच खरं नाही. पाकिटावर कुणीही कुणाचंही नाव लिहावं तसं ते असतं. मोबाईलवर त्या नावाखाली बोट दाबलं की खरा पत्ता उघडतो. गेल्या महिन्यात एका मुलीने ‘मेलबॉक्स भरला आहे’ या मेलमधल्या लिंकवर पासवर्ड टाकला होता. रडवेली झाली होती. पासवर्ड बदलला, बाकी सगळीकडचं लॉगिन काढलं, टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खात्री, चालू केलं. दहा मिनिटांचं काम. मेल मात्र डिलीट करू दिला नाही, तक्रारीला तोच पुरावा.

आता खरी तक्रार. त्याच आठवड्यात इथल्या एका महाविद्यालयाचा मेल पोरांना आला. पाठवणारा: जीमेलचा खासगी पत्ता. मजकूर: आज रात्री 12 च्या आत खालील लिंकवर माहिती भरा, अन्यथा परीक्षा फॉर्म रद्द. सोबत आखूड केलेली लिंक, फॉर्ममध्ये आधार आणि बँक खात्याचा नंबर. मी ठामपणे सांगितलं, हा फ्रॉड आहे, भरू नका. दुसऱ्या दिवशी कळलं, तो मेल खराच होता! चार पोरांना माझ्यामुळे ऑफिसात बोलणी खावी लागली. म्हणजे वर्षभर अशाच मेलला ‘हो’ म्हणायची सवय आपणच लावायची आणि फसल्यावर ‘शिकलेली मुलं कशी फसतात’ म्हणायचं.

‘एसी डॉट इन’ हा पत्ता शैक्षणिक संस्थांनाच मिळतो. बऱ्याच कॉलेजांकडे तो आहे, वेबसाइटवर झळकतोही. मग मेल त्यावरून का जात नाहीत? शिवाय सायबर सुरक्षेची सूचना असते ती इंग्रजी पीडीएफमध्ये, वेबसाइटच्या कुठल्या तरी कोपऱ्यात. प्रवेशाच्या वेळी एक पान मराठीत हातात द्या: आमचे मेल फक्त या पत्त्यावरून येतील, पासवर्ड आम्ही कधीच मागणार नाही, शंका आल्यास अमुक खिडकीवर विचारा. त्या खिडकीवर माणूस बसलेला असावा, ही एक जास्तीची विनंती.

असं पान कुठल्याही प्राचार्यांनी लिहून पाठवलं तर पहिल्या वर्षाला पुरतील एवढ्या प्रती मी फुकट काढून देतो. कागदही माझाच.

आपला,
एक झेरॉक्स दुकानदार,
छत्रपती संभाजीनगर