नंदू, आधी खत, मग खड्डे

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार. उत्तराला फारच उशीर झाला, रागावला असशील. इकडे सगळे बरे, आईचा गुडघा तेवढा कुरकुरतो.

बुर्किना फासोतल्या तुमच्या वाहिगूयाचे शेतकरी पैसे मिळेपर्यंतच झाईचे, म्हणजे पाणी नि खत धरून ठेवणारे पेरणीचे, खड्डे खणतात, असं लिहून तू त्यांना आळशी म्हणालास. इथे मी भांडणार. वसतिगृहात बादल्या माझ्याकडून भरून घ्यायचास, तुला श्रमाचा हिशेब कसा लागणार!

अरे, हेक्टरी निदान 12 हजार खड्डे, 20 ते 40 सेंमी रुंद, 10 ते 20 सेंमी खोल. तेही पावसाआधी, वर कडक पापुद्रा धरलेल्या जमिनीत. खोदाईलाच 300 तास लागतात. घरातली तरणी पोरं त्याच दिवसांत सोन्याच्या खाणींवर नाहीतर आयव्हरी कोस्टला गेलेली. खणायचं कोणी?

आणि नुसत्या खड्ड्याने भागत नाही. ओंजळभर कुजलेलं शेणखत पडलं की वाळवी येते, ती जमिनीत भोकं पाडते आणि त्यांतून पाणी मुरतं. कच्चं शेण टाकलं तर रोप करपतं, तणही माजतं. खड्ड्याला पाव किलो धरलं तरी 12 हजारांना 3 टन खत झालं. दोन शेळ्यांच्या घरात ते कुठून येणार? आधी खताचा उकिरडा नीट करून घ्या. खत जमेल तेवढेच खड्डे, मग ते पाव हेक्टरातच का असेनात.

खणलेली माती उताराच्या खालच्या अंगाला ठेवायला सांग. वरून लोंढा येत असेल तर आधी समपातळीवर दगडी ओळी घाला, गवंड्याच्या पाण्याच्या नळीने पातळी घेऊन. ओळ चुकली की पाणी एकाच जागी जमून ती फोडतं. रेताड जमिनीत झाई नकोच, कडा ढासळून खड्डे बुजतात.

याकुबा सावादोगो हे शेतकरी त्याच यातेंगातले, म्हणजे वाहिगूया ज्या प्रांतात आहे तिथलेच. जुन्या खड्ड्यांचा आकार वाढवून त्यांत खत घातलं, तेव्हा लोक त्यांना वेडा म्हणाले. ज्वारी उभी राहिल्यावर तेच शिकायला आले. तुमच्या भाषणांतला हवामानबदल जरा बाजूला ठेव, एक शेत दाखव.

मीनलची बदली झाली का? चिमणीला आशीर्वाद. पाणी उकळून पी.

गावात गुरं-शेळ्या कोणाकडे किती, ते विचारून लगेच कळव.

तुझा,
विजू