डॉक्टर मॅडम, तुम्ही आईला विचारलंत

अंबाजोगाईच्या वॉर्डातल्या डॉक्टर मॅडमना,
स. न. वि. वि.

आई घरी आली. काल तिनं स्वतःहून भाकरी मागितली. तेव्हापासून तुम्हाला लिहायला बसतोय आणि डोळे भरून येतायत.

तिच्या हृदयाचे ठोके जुनेच अनियमित. त्यावर डिगॉक्सिन नावाची हृदयाची गोळी चालू होती. शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांनी ठोके ताळ्यावर यावेत म्हणून त्यात अमिओडॅरोन घातलं, वर सुजेसाठी लघवीची गोळी. मग जेवण जाईना, उलट्या, घेरी, नाडी मध्येच अडखळायची. परत नेलं तर फाइलीतून मान वर न काढता म्हणाले, "वय झालंय, पित्त असेल." एवढी फी घेतल्यावर माणसाच्या तोंडाकडे बघायला काय लागतं?

तुमच्या वॉर्डात पाय ठेवायला जागा नव्हती. तरी तुम्ही कॉटच्या कडेला टेकलात, गोळ्यांची कॅरीबॅग चादरीवर पालथी केलीत, एकेक पाकीट उजेडाकडे धरून वाचलंत. मी बोलायला लागलो तर हातानंच थांबवलंत आणि तिला विचारलंत, "मावशी, नजरेला कसं दिसतंय?"

"समदं पिवळं दिसायलंय बाई. भिंत बी, लुगडं बी."

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही तिचा हात हातात घेऊन म्हणालात, "बरं झालं सांगितलंत." तेवढ्यानं आईच्या तोंडावर कळा आली.

पिवळं दिसणं ही डिगॉक्सिन अंगात जास्त झाल्याची खूण. अमिओडॅरोनमुळे डिगॉक्सिन शरीराबाहेर नीट पडेनासं होतं, म्हणून सोबत देताना डिगॉक्सिनचा डोस साधारण निम्मा करतात. त्यात लघवीच्या गोळीनं रक्तातलं पोटॅशियम उतरलं की ठोके आणखीच बिघडतात. तुम्ही सांगितलंत तेव्हा माझ्यासारख्या शेतकऱ्यालाही समजलं.

नंतर वाचलं, अमेरिकेत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांना ठोके सुधारायला फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड देऊन बघत होते. त्यानं मृत्यू वाढले आणि १९८९ मध्ये त्या गोळ्या थांबवाव्या लागल्या. म्हणजे औषध उलटतं, जाणत्यांच्या हातूनही उलटतं. त्याचा राग नाही. आई त्रास सांगत होती आणि कुणी ऐकत नव्हतं, त्याचा आहे.

पुढच्या तपासणीला आई येणार आहे. घरची ज्वारी आणीन म्हणते. मॅडम, तिला नाही म्हणू नका.

तुमच्या मावशीचा मुलगा